माझ्या काडीची आग

१२ डिसेंबर २००२, गुरुवार

दाराची चौकट, दोन खिडक्या, पलंग, पाण्याची मांडणी, छपराचे बिजाच्या लाकडाचे वासे आणि त्यांवर चढवलेलं एकेक कवेलू, रुख्माला पाठ टेकून झोपता यावं म्हणून केलेली उतरती खुर्ची, आणि सगळ्यात शेवटी शेगडी. एवढं सगळं मी माझ्या हातांनी केलं. विटा तेवढ्या विकतच्या. त्यातल्याही तिरक्या निघालेल्या मी परत पाठवल्या.

शेगडीबद्दल थोडं लिहितो. डांबराचं पिंप आडवं कापून आतून चिकणमातीचा थर दिला. खाली हवेची झडप. पत्र्याचं धुराडं कोपरात वाकवून छपराबाहेर काढलं. खोलीत धुराचा वाससुद्धा येत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. डोळ्यांनी बघितलं आणि हातांनी केलं.

आजपासून आम्ही दोघं इथले. सडक अर्जुनी मागे टाकून जंगलाच्या वाटेनं आत यायचं, मग ही नऊ घरांची टोली. गोंदियाजवळच्या कुडव्यातलं वर्कशॉप बंद केलं, कारण बायकोचा दमा. राइस मिलचा कोंडा अंगणात येऊन पडायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, हवा बदला नाहीतर पुढचा हिवाळा बाईला जड जाईल. मी म्हटलं, बदलतो. रुख्माला शब्द दिला.

आज ती हातपंपापर्यंत गेली आणि कुठेही न थांबता परत आली. आल्यावर म्हणाली, अजी, मले तर वाटते मी इथं लग्नाच्या वेळेसारखी होऊन राहिली. मी म्हटलं, तेव्हाही तू एवढीच बडबडत होतीस.

१४ डिसेंबर, शनिवार

शेजारच्या अनुसयाबाई येऊन गेल्या. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. चूल कोरडीच दिसून राहिली म्हणाल्या, कवेलू घेऊन या जी भाऊ, आमच्या घरचा इस्तो घेऊन जा. विस्तवाला आमच्या भागात सगळीकडेच इस्तो म्हणतात, पण या टोलीची रीत न्यारी आहे. इथे कोणी काडी ओढत नाही. चूल विझली की शेजारून निखारे आणायचे. त्याची विझली की त्यानं तिसऱ्याकडून. अशी एकच आग घरोघर फिरते आणि त्यांच्या सासूच्या सासूपासून ती विझलेली नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी हात जोडून नको म्हटलं. कारण लिहून ठेवतो. मी दहा वर्षांचा होतो. बाबांनी दीक्षा घेऊन चार वर्षं झाली होती, तरी गावात इस्तो मागायला आम्हाला दाराबाहेरच उभं राहावं लागे. बाबा कवेलू पुढे धरायचे आणि आतली बाई चिमट्यानं वरून निखारा टाकायची, हात लागू नये म्हणून. एकदा तो कवेलूवर न पडता बाबांच्या पायावर पडला. ती हसली. बाबाही हसले. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या घरात आग माझ्या काडीची असेल.

अनुसयाबाई तशा नाहीत, हे मला दिसतं. त्या माझ्या ओसरीवर बसल्या, आमच्या घरचं पाणी प्यायल्या. पण ठरवलं ते ठरवलं. उठताना त्या म्हणाल्या, बाप्पा, एका काडीचा केवढा ताठा. थंडी पडली म्हणजे समजते, कोणाची आग कोणाले ओळखते ते.

बिसराम म्हणून समोर राहतो. माझं धुराडं बघून विचारतो, केवळरामभाऊ, तुमचं हे इंजन गोंदियाले किती वाजता सुटते जी? त्याची बायको शामकला आतून ओरडली, तुमचं तर कधीच सुटलं नाही, तुम्ही कायले विचारता. सगळी टोली हसली. मीही.

१९ डिसेंबर, गुरुवार

रेडिओवर शीतलहर सांगितली. सकाळी तणसाच्या ढिगावर गोठलेल्या दवाची पांढरी खर होती, बोटानं खरवडली तर नखात बसली. अशी खर या भागात मी पाहिली नव्हती.

शेगडी पेटवली. ज्वाळा सरळ, रंग स्वच्छ, धूर नाही. पण खोली तापेना. झडप अर्धी केली, मग पूर्ण उघडली. धुराडं उतरवून साफ केलं. गोंदियाच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून घेतलेलं थर्मामीटर माझ्याकडे आहे. ओसरीवर पारा पाचवर होता. शेगडीजवळ खिळ्याला टांगलं तर तीनवर आला. आणखी जवळ धरलं तर दोन.

थर्मामीटर खराब झालेलं असणार. रुख्मा म्हणते, शेगडीपाशी बसलं की पाठीपेक्षा पोटाला जास्त गार लागते. मी तिला सांगितलं की तसा भास होतो.

२२ डिसेंबर, रविवार

आजची गोष्ट बाबांना सांगता आली असती तर बरं झालं असतं.

भल्या सकाळी बिसराम दारात आला. त्याची चूल रात्री विझली होती आणि अनुसयाबाईंचं दार अजून लागलेलं होतं. हातात कवेलू. मान खाली घालून म्हणाला, भाऊ, थोडा इस्तो द्या जी.

माझ्या दारात. इस्तो.

मी त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. शेगडीतले चांगले मोठे निखारे निवडले आणि कवेलूवर अलगद ठेवले. वरून टाकले नाहीत. कवेलू त्याच्या दोन्ही हातांत दिलं. तो म्हणाला, अजब आहे भाऊ, हाताले चटकाच लागून राहिला नाही. मी म्हटलं, कवेलू माझ्या हातचं आहे, जाड आहे.

दिवसभर मी खुशीत होतो. रुख्मा मात्र खोकत होती.

२४ डिसेंबर, मंगळवार

दुपारी अंगणात राखेसारखं काही उडताना दिसलं. बारीक, पांढरं, हलकं. धुराडं फाटलं की काय म्हणून शिडी लावून वर चढलो. धुराडं शाबूत होतं. त्याच्या तोंडातून धूर निघत नव्हता. ते पांढरं तिथूनच निघत होतं आणि हळूहळू माझ्याच छपरावर उतरत होतं.

जिभेवर ठेवून पाहिलं. पाणी झालं.

बर्फ. आकाश निळं आहे, ऊन पडलं आहे, जंगलाकडे काही नाही. फक्त माझ्या घरावर.

शामकला सांगायला आली की त्यांच्या चुलीवर भात शिजत नाही. इस्तो लाल आहे, लाकूड जळून राहिलं आहे, आणि भांड्यातल्या पाण्यावर साय धरली आहे. साय कसली, बर्फ. तिच्याकडून पुढच्या दोन घरांनी इस्तो नेला, तिथून आणखी पुढे.  मग ती शेगडीकडे बघत उभी राहिली.

२६ डिसेंबर, गुरुवार

आग विझवली. राख बाहेर फेकली, शेगडी पाण्यानं धुतली, नवी काडीपेटी फोडून पुन्हा पेटवली. मग हात आत घातला.

ज्वाळा बोटांमधून वर जात होती. भाजलं नाही. हाडापर्यंत गार झालं, इतकं की बोटं मिटेनात. अजूनही नीट मिटत नाहीत. अक्षर वाकडं येतं आहे.

टोलीतल्या आठ छपरांवर पांढरं पडतं आहे. फक्त अनुसयाबाईंच्या छपरातून काळा धूर निघतो. त्यांनी कोणाकडूनही इस्तो आणला नव्हता, आपलीच चूल राखून ठेवली होती. लोक आता त्यांच्या घरी जाऊन बसतात. त्यांनी मुलाला, खुशालला, निरोप घेऊन पाठवलं. वहिनीले उचलून आणा, चुलीपाशी जागा ठेवली आहे.

रुख्मा म्हणाली, चला ना जी.

मी म्हटलं, उद्या. हवेची झडप चुकली आहे, ती आज दुरुस्त करतो. माझ्या हातचं आहे, मलाच कळेल.

२७ डिसेंबर, शुक्रवार

झडप चुकलेली नव्हती.

रुख्माच्या श्वासात शिट्टी वाजते आहे. तिला सडक अर्जुनीला न्यायचं, तिथून ट्रकवाला कोणीही नेईल, असं ठरवून खुशालकडे बंडी मागायला गेलो. त्याचे दोन्ही बैल गोठ्यात आखडून मेले आहेत. बिसरामची जोडी परवाच गेली. सायकलवर तिला बसवलं. नाल्यापर्यंत गेलो आणि तिची मान माझ्या पाठीवर पडली. परत फिरलो. एकट्यानं गेलो तर येईपर्यंत ती —

तिथूनच आईच्या चुलीपाशी घेऊन जायला हवं होतं, असं खुशाल म्हणाला. मी ऐकून घेतलं. 

२८ डिसेंबर, शनिवार

बिसराम गेला. चुलीसमोर उकिडवा बसलेला, दोन्ही हात आगीकडे पसरलेले, जसे आपण शेकायला पसरतो तसे. आग चालूच होती. त्याच्या बोटांवरची खर वितळली नव्हती.

तो वर्षानुवर्षं शेकत आला तसाच बसला. आगीवर कोण संशय घेतो.

शामकला रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, तुमी मोठे निखारे निवडून देल्ले होते भाऊ.

२९ डिसेंबर

शाई गोठली. पेन्सिलीनं लिहितो.

आणखी दोन घरं शांत. जे अनुसयाबाईंकडे बसले आहेत तेच जगले आहेत. पण त्यांची लाकडं बर्फानं भिजली. धूर बारीक झाला.

रुख्मा पुन्हा म्हणाली, चला. शब्द नव्हता, नुसते ओठ. मी शेगडी सगळी उकलली. मातीचा थर फोडला. नवा लावला. वाळत नाही. गोठतो.

हे कळलं पाहिजे. आग म्हणजे काय ते मला येतं. मला येतं.

३० डिसेंबर

तिला उचलून नेणारच होतो. खांद्यावर घेतलं. उंबऱ्याशी आलो. अनुसयाबाईंच्या ओसरीवर सगळे बसलेले, माझ्याकडे बघत. शामकला त्यात.  कोणी सरकून जागाही — म्हणजे केली असती. केली असती. मी थांबलो नाही, मागे फिरलो.

शेगडी पुन्हा जुळवतो आहे. नवी झडप. उद्या पेटेल. रुख्माला सांगितलं. तिनं डोळे मिटले.

३१

सकाळ. झडप बसली. काडी हातात घेतली होती तेव्हा दारात अनुसयाबाई. चालत आल्या. बर्फातून. वाकलेल्या. कवेलू पदराखाली, छातीशी.

म्हणाल्या, भाऊ, तुमी येत नाही तर मीच आली. वहिनीपुरतं तरी ठेवा.

रुख्मानं हात पुढे केला. मी पाहिलं.

मी म्हटलं, बाई, माझी शेगडी आता पेटतेच आहे. तुम्ही घरी न्या.

त्या उभ्या राहिल्या. मग गेल्या.

काडी ओढली. मोठी ज्वाळा. पांढरी. रुख्मानं शेकायला हात पसरले —

तसेच आहेत. पसरलेले. मी हाक मारली —

खुशाल बाहेर ओरडतो आहे. आई वाटेत पडली. कवेलू हातात. निखारे काळे. त्यांची चूल मोकळी आहे म्हणतो, आईनं मागे काही ठेवलंच नाही. ओसरीवरून आता आवाज नाही. धूर नाही. कुठल्याच छपरावर —

बोटं. लिहितो. राहून जाऊ नये.

अनुसयाबाईंनी इस्तो आणला होता. माझ्या उंबऱ्यावर. दोन्ही हातांत धरून, हातात द्यायला. मी नको म्हटलं.

पाच निखारे. त्यांच्या चुलीत तेवढेच —