मी फक्त स्पष्ट बोलतो

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली. प्रेशर वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, गोळी देतो, पण स्वभावालाही थोडं औषध लागेल. दिवसभरात राग कधी आला, कशावरून आला, ते लिहून ठेवा. मला दाखवू नका, स्वतःच वाचा.

मी त्यांना शांतपणे सांगितलं की मी रागीट नाही, स्पष्टवक्ता आहे. दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही त्याने डॉक्टरकी करू नये. त्यांनी पुन्हा पट्टा बांधून मोजलं. एकशे नव्वद. यंत्र जुनं असावं.

येताना वही घेतली. दुकानदाराने रेघांची दिली, मी कोरी मागितली होती. त्याला दोन शब्द सुनवावे लागले. हे रागात धरत नाही.

संकल्प : यापुढे गोड बोलणे. उद्यापासून. आजचा दिवस तसाही वाया गेलाय.

४ मार्च, मंगळवार

राग : एकदाही नाही.

लॅबमध्ये गंमत झाली. शेजारच्या टेबलावर जी बाई बसते, ती इतकं हळू बोलते की मी तिला हळूबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो. पाठीमागे नावं ठेवणं मला जमत नाही. तिने केलेली कवळी आज मी सगळ्यांसमोर उचलून धरली आणि विचारलं, हे दात माणसाचे की खेचराचे? कोणी हसलं नाही. हळूबाई हात धुवायला गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. आली तेव्हा डोळे लाल. मेणाचा वास सोसत नसेल.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे दात घडवतोय. कवळी केसभर चुकली तर म्हातारा माणूस जेवताना कळवळतो. अशा कामात लाडीगोडी चालत नाही. पण हे कळायला आधी माणसाबद्दल कळवळा लागतो.

६ मार्च, गुरुवार

राग : नाही. सकाळी बसमध्ये थोडा, पण चूक समोरच्याची होती.

बायकोला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. वर्षभर मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागतेय. दुसऱ्यांदा सांगताना आवाज वर जातो. त्याला राग म्हणत नाहीत, व्हॉल्यूम म्हणतात. कानाचं मशीन घ्यायचं शेवटी मीच ठरवलं. खरं म्हणजे मुलीने फोनवर चार महिने टुमणं लावलं होतं, पण होकार माझा. शनिवारी जायचं.

८ मार्च, शनिवार

मशीन आलं. दोन्ही कानांमागे, केसांखाली बसतं, लावलंय की नाही ते दिसतसुद्धा नाही. दुकानातल्या मुलीने हळूहळू आवाज वाढवला, तशी बायकोच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. बाहेर आलो तर फुटपाथवर उभीच राहिली. म्हणाली, झाडाची पानं वाजतायत. डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं, चल, पानं घरी जाऊनही वाजतील.

रस्ताभर मी तिला मशीन कसं जपायचं ते समजावलं. तिला सगळं पहिल्याच वेळी ऐकू येत होतं, तरी मी सवयीने दोनदा सांगितलं. घरी आल्यावर तिने नळ चार वेळा उघडून बंद केला. पाण्याचा आवाज ऐकायला म्हणे. पन्नाशी उलटलेल्या बाईने हे करावं का, एवढंच मी विचारलं. मग मुलगी कशी तिच्या वळणावर गेली, तिच्या माहेरची माणसं कशी, हेही ओघात आलं. आता तिला ऐकू येतंय म्हटल्यावर बऱ्याच वर्षांचं साचलेलं बोलता आलं. रात्री जेवताना ती गप्प होती. नव्या मशीनने दमायला होत असेल.

११ मार्च, मंगळवार

राग : नाही.

संध्याकाळी आलो आणि विचारलं, आज मशीन कसं वाटलं? ती म्हणाली, काय? तीनदा विचारलं, तीनदा 'काय'. मशीन गेल्या शनिवारचं. तीन दिवसांत बिघाड. हल्ली वस्तूंमध्ये दम नाही आणि विकणाऱ्यांना लाज नाही.

१४ मार्च, शुक्रवार

जिन्यात शेजारीण भेटली. म्हणाली, वहिनी आता किती छान ऐकतात, परवा मी मागून हाक मारली तर लगेच वळल्या, अर्धा तास गप्पा मारल्या. मी तिला सांगितलं की तुमचा आवाज भिंतीपलीकडेही ऐकू येतो, त्यात मशीनचं कौतुक नाही. ती भराभर जिना उतरून गेली. घाईत असावी.

गोड बोलण्याचा संकल्प चालू आहे. फक्त समोरची माणसं त्या लायकीची हवीत.

१७ मार्च, सोमवार

मोठी बातमी. मालकांनी मला स्वतंत्र खोली दिली. आजवर तिथे प्लास्टरची पोती ठेवत असत. खिडकी नाही, पण दार आहे, आणि ते घट्ट लागतं. मालक म्हणाले, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला एकाग्रता हवी. दुपारी सगळ्यांनी मिळून माझं टेबल उचलून आत आणलं. इतक्या हौसेने या लोकांना काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. हळूबाईने स्वतः माझी कवळ्या घासायची मोटार आणि पॉलिशचे ब्रश आणून दिले.

अठ्ठावीस वर्षांनी का होईना, कदर झाली. बायकोला सांगितलं. ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, खोकला आहे का, काढा करू?

१९ मार्च, बुधवार

राग : याला राग म्हणायचं की काय ते ठरवता येत नाही.

एका दातांच्या डॉक्टरने पेशंटच्या जबड्याचं माप पाठवलं, ते वाकडं. फोन करून मी त्याला त्याच्या शिक्षणापासून सुरुवात करून समजावलं. पाऊण तास. त्याने मध्येच फोन ठेवला होता हे मला नंतर कळलं. पण तोवर मुद्दे मांडून झाले होते.

संध्याकाळपासून घसा बसलाय. आवाजच फुटत नाही.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, तीन दिवस एक शब्दही बोलायचा नाही. लॅबमध्ये निरोप पाठवला, तर मालकांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं, पूर्ण बरे होईपर्यंत येऊ नका, हवं तर आठवडा घ्या. किती काळजी.

घरी बसलोय. हवं-नको ते कागदावर लिहून देतो. लिहिताना माणूस थोडक्यात लिहितो.

२१ मार्च, शुक्रवार

बायको आज फार मजेत होती. सकाळपासून बोलतेय. शाळेत असताना तिने वर्गाच्या खिडकीतून उडी मारून पाय मोडला होता, हे मला लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर आज कळलं. मी कागदावर लिहिलं, आधी का नाही सांगितलंस? तिने वाचलं, हसली, आणि कागद उलटा ठेवला.

दुपारी पत्ते खेळलो. ती चक्क लबाडी करते. मी बोललो नाही. बोलताच येत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

स्वयंपाकघरात ती गुणगुणत होती. तिचा आवाज बरा आहे. मी दारात उभा होतो, तिने वळून विचारलं, चहा टाकू? मी मान हलवली. चहा छान झाला होता. तेही मान हलवूनच सांगितलं.

निष्कर्ष : माझ्या संकल्पाचा घरावर परिणाम दिसू लागलाय. वीस दिवसांत एवढा बदल. डॉक्टरांना कळवायला हवं. उद्यापासून बोलायला परवानगी आहे.

२३ मार्च, रविवार

आवाज आला. सकाळी चहात साखर कमी होती, तिथून सुरुवात झाली. तीन दिवसांत घरात काय काय ढिलं पडलंय ते मी गप्प राहून पाहिलंच होतं, ते सगळं सांगून टाकलं. दहाच्या सुमारास तिला पुन्हा ऐकू येईनासं झालं.

हे मशीन एक दिवस चालतं, एक दिवस नाही. शनिवारी दुकानात जाऊन एकेकाला सरळ करतो.

२६ मार्च, बुधवार

मालकांनी सांगितलं की यापुढे डॉक्टरांचे फोन हळूबाई घेईल. माझा घसा जपायला हवा म्हणे. शिवाय तिला सेक्शनची प्रमुख केली आहे. कागदोपत्रीच असणार. त्या बाईला अधिकार म्हणजे काय ते माहीत आहे का? तिने मला खोलीत येऊन विचारलं की वरच्या जबड्याचं काम शुक्रवारपर्यंत होईल का. 'होईल का' विचारते. प्रमुखाने असं विचारायचं असतं?

मी दार लावून घेतल्यावर बाहेर हसण्याचे आवाज येतात. उघडलं की थांबतात. कामाचा धाक अजून आहे, हे चांगलं लक्षण.

मुलीचा फोन रविवारी कधीच येत नाही. बायको म्हणते, मधल्या वारी दुपारी येतो. तेव्हा मी लॅबमध्ये असतो हे मुलीला माहीत आहे, तरी वेळ बदलत नाही. आपल्या बापाशी दोन शब्द बोलावेत इतकीही समज नाही.

२९ मार्च, शनिवार. दुपार.

बायकोला म्हटलं, मशीन दे, दुरुस्तीला नेतो. ती म्हणाली, चांगलं चालतंय, राहू द्या. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. ती म्हणाली, नका नेऊ. मग तिसऱ्यांदा म्हणाली, 'अहो, खरंच नका नेऊ.' मी मशीनची डबी उचलली आणि निघालो.

दुकानात तीच मुलगी होती. मी शिरल्या शिरल्या तिच्या मालकापासून तिच्या कंपनीपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला. तिने ऐकून घेतलं, दोन्ही मशीनं वायरने कॉम्प्युटरला जोडली आणि म्हणाली, 'काका, मशीन अगदी ठीक आहे. ते रोज कधीपासून कधीपर्यंत कानात होतं, याची नोंद त्याच्यातच राहते.'

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तारखा आणि निळ्या पट्ट्या. रोजची पट्टी सकाळी नऊ वीसला सुरू. सहा वाजून दहा मिनिटांनी बंद. मी सव्वानऊला निघतो. सव्वासहाला येतो. रविवारी पट्टी फक्त अकरा ते बारा, तेवीसला तेवढी सकाळी दहापर्यंतही. मी अकरा ते बारा फिरायला जातो.

मुलीने विचारलं, काकू संध्याकाळी लवकर झोपतात का?

मी हो म्हटलं.

मग तिने तीन पट्ट्यांवर बोट ठेवलं. वीस, एकवीस, बावीस. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, सलग. म्हणाली, 'या दिवशी किती वेळ लावलंय बघा. कोणी पाहुणे आले होते का?'

मी म्हटलं, हो. पाहुणे होते.

३० मार्च, रविवार

विचार करून पाहिलं. बॅटरी वाचवत असेल. तिचा स्वभाव काटकसरी आहे. कानांनाही विश्रांती लागत असेल. आणि त्या मुलीचा कॉम्प्युटर बरोबर असेल कशावरून?

दुसरं असं, की मी रोज संध्याकाळी जे बोलतो ते तिच्याच भल्यासाठी असतं, आणि ते न ऐकून नुकसान तिचंच झालंय.

तिने काल डबी परत घेतली, आणि दुकानात काय म्हणाले असं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज अकरा वाजता फिरायला निघालो आणि जिन्याच्या वळणावर थांबलो. आत तिचं गुणगुणणं सुरू झालं. मग फिरायला गेलो. बाराच्या ऐवजी एकला परतलो. का, ते सांगता येत नाही.

संकल्प : उद्या तिच्याशी नीट बोलायचं. भाषण लिहून पाठ केलं आहे. आधी तिची चूक, मग माझा मोठेपणा, शेवटी माफीचे दोन शब्द, पण कोणी कोणाची मागायची ते मोघम ठेवून.

३१ मार्च, सोमवार

चारलाच निघालो. मालकांनी कारणही विचारलं नाही.

दाराशी किल्ली काढताना आतून तिचं बोलणं ऐकू आलं. मुलीशी फोन चालला होता. रस्त्यात दोन बायका हिच्या मागे भांडत चालल्या होत्या आणि कशावरून ते हिला सगळं ऐकू आलं, असं काहीतरी. इतकं हसण्यासारखं त्यात नव्हतं. तरी ती हसत होती, मधेच थांबून श्वास घेत होती, पुन्हा हसत होती. मी बाहेर उभा राहिलो. फोन संपेपर्यंत.

दार उघडलं. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात केसांखाली गेला, आधी एक बाजू, मग दुसरी. घाई नाही, चोरटेपणा नाही. माणूस घरात आल्यावर चपला काढतो तसं. डबी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून कपड्यांना इस्त्री करायला लागली.

भाषण आठवेना. पहिलं वाक्यसुद्धा.

म्हटलं, 'माझं चुकलं.'

हळू म्हटलं. इतकं हळू मी कधी बोललो असेन असं वाटत नाही. डोक्यावर पंखा घरघरत होता, इस्त्री सरकत राहिली. माझाच शर्ट होता.

जवळ जाऊन पुन्हा म्हटलं. ती वळली, म्हणाली, काय?

'माझं चुकलं म्हणतोय,' मी म्हटलं. आवाज चढला.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. इस्त्री उभी करून ठेवली. 'बरं, बरं. करते बंद,' म्हणाली, आणि जाऊन पंख्याचं बटण बंद केलं.

नंतर बराच वेळ ती कपड्यांना इस्त्री करत होती. मी खुर्चीत बसून होतो. खोलीत फार उकडत होतं.