चार नंबरचा चौकोन

२ मार्च

साहेब! म्हणे कारखान्यात मला साहेब म्हणायचं! आईचा सख्खा भाऊ, लहानपणी माझा शेंबूड पुसलेला माणूस. आज सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, हा ड्रम कुठे ठेवू?" तर त्याची कानशिलं लाल. "नाती गेटवर ठेवून यायची. इथे मी साहेब."

बरं. साहेब तर साहेब. राहतो त्याच्या घरी, जेवतो मामीच्या हातचं, बोलून जातो कुठे?

महिना झाला इथे. शाम्पू भरा, खोकी उचला, लेबलं लावा. लेबलावर नारळाचं झाड आणि खाली हिरव्या अक्षरांत — "केमिकल नाही"! आत काय असतं? तेलापासून कुठल्याशा मोठ्या कारखान्यात बनवलेलं फेसाचं द्रव्य. निळ्या ड्रममधून येतं, नाव वाचता वाचता माणसाला तहान लागते. मी म्हटलं, साहेब, पाणीसुद्धा केमिकलच आहे. तर म्हणे, "मग पाणी बारीक अक्षरांत टाक!" बरं, या खेपेचा ड्रम नारळाचा नाहीच, पामचा आहे. स्वस्त पडला. मी विचारलं, लेबलावरचं झाड बदलायचं का? "झाड ते झाड. लांबून कोण ओळखतंय?"

पण आजचा दिवस या सगळ्यासाठी लिहीत नाहीये. आज तिने माझा हात धरला.

लॅबमध्ये ती एकटीच असते. नवा माल आला की आधी आमच्या हातांवर लावून बघते. तीन हात लागतात — पॅकिंगच्या मावशी, टाकीवाले काका आणि आजपासून मी. कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला पेनाने चार चौकोन काढायचे. एक नंबर कोपराशी, चार नंबर मनगटाशी. प्रत्येकात एक थेंब, वर पट्टी. दोन दिवसांनी उघडून बघायचं. चार नंबरला नव्या ड्रमचा माल.

"हलू नका," म्हणाली. हलतोय कसला! मी श्वासही घेतला नाही.

येताना अत्तर घेतलं. फुलांचं. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के झाडापानांचं, केमिकल औषधालाही नाही. मामाकडून हे ऐकलं की डोकं फिरतं. त्या म्हाताऱ्याचं मात्र पटलं. चेहराच प्रामाणिक होता.

३ मार्च

मनगटांना अत्तर लावून गेलो. तिला कळलं नाही. इथे गुलाबाचा साबण, लिंबाचा साबण, मोगऱ्याचं तेल — कारखान्यात अत्तर लावून जाणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. उद्या जास्त लावीन.

४ मार्च

घात झाला!

सकाळी पट्टीची कड उचलून पाहिली — एक, दोन, तीन स्वच्छ. चार नंबर लालबुंद. बारीक पुरळ, खाज. मनगटही तांबूस आहे, पण ते वेगळं. तिथे तिने धरलं होतं.

मावशींना सहज विचारलं, कुणाला लाल झालं तर काय करतात? म्हणाल्या, "काय करणार बाबा, सहा महिने बाद. मागच्या वर्षी ड्रायव्हर गेला असाच. बिचारा दोन दिवस खाजवत होता, आणि आम्ही हसत होतो."

सहा महिने! सहा महिने ती हा हात धरणार नाही! काकांचा तो केसाळ दंडुका धरेल आणि माझा नाही!

मधल्या सुट्टीत घरी पळालो. मामीच्या आरशापुढे वीस बाटल्या, वीस डब्या. त्यांत मामाच्या कारखान्याची एकही नाही. डाग झाकायची एक क्रीम सापडली. चार नंबरवर थापली. झकास! माझा हात माझ्यापेक्षा गोरा.

दुपारी तिने पट्टी काढली. कापसाच्या बोळ्याने पुसलं. बराच वेळ चौकोनाकडे बघत राहिली. मग बोळ्याकडे.

"खाज?"

"अजिबात नाही."

"जळजळ?"

"छे!"

"मग इथे सही करा." छापील कागद होता, वर नाव नाही, नुसतं 'तिसरा हात' — मला कोणताही त्रास झाला नाही. केली सही. तिनेही तिच्या वहीत काहीतरी लिहिलं. एवढा वेळ लिहीत होती की मला वाटलं, माझ्याबद्दलच असणार.

९ मार्च

आज पुन्हा! मला बोलावून घेतलं — "चार नंबर परत एकदा बघू. आता डावा हात." काकांना नाही, मावशींना नाही, मला!

पट्टी लावताना आपणहून बोलत होती. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून मध्ये कुणीतरी लागतं — एका हाताने तेल धरणारं, दुसऱ्याने पाणी. फेसाचं द्रव्य हेच करतं. मग म्हणाली, "पण तेलापासून ते बनवताना अभिक्रिया पुरी व्हायला हवी. अर्धवट राहिली ना, की सगळ्यात वाईट. तेल ते तेल राहत नाही, फेस धड होत नाही, वर लोकांच्या अंगाला खाज. या ड्रमचं तसंच झालंय अशी शंका आहे मला."

अर्धवट म्हटलं की मला कॉलेजच आठवतं. दुसऱ्या वर्षाला सर म्हणाले, "उत्तर आधी लिहा, मग आकडे त्याला जुळवा. सगळे तेच करतात." मी वही टेबलावर आपटली, ओरडलो, "ही प्रयोगशाळा आहे की नाटक कंपनी?" आणि निघालो. आई अजून म्हणते, "वही आपटायचीस, पण परत उचलायचीस ना रे!"

पण मी खोटे आकडे लिहिले नाहीत. एवढं तरी खरं.

११ मार्च

डावा हातही लाल! तोच चौकोन, मनगटाजवळचा. ड्रममध्ये काहीतरी आहेच. मामीची क्रीम पुन्हा. अत्तर दुप्पट.

पुसलं, पाहिलं. "नक्की काही होत नाही तुम्हाला?"

"नाही हो."

"तुमच्यासारखी त्वचा लाखात एक सापडते," म्हणाली.

लाखात एक!! दिवसभर खोकी पिसासारखी उचलली.

१२ मार्च

जेवताना बॉम्ब फुटला.

मामा ताटावर बसल्या बसल्या सुरू झाला. बाळांच्या शाम्पूची मोठी ऑर्डर, दुकानांच्या साखळीची. खरेदीवाल्या बाई सोमवारी येणार. आणि लॅबवाली बॅचवर सहीच करत नाही! "वहीत लिहून ठेवलंय — तिसरा हात, चार नंबर, दोन्ही वेळा लाल, वर काहीतरी फासून येतो! अरे, तिसऱ्या हाताने स्वतः सही करून दिलीय ना की त्रास नाही? दोनदा! मग खोटं कोण बोलतंय? एक तारखेपासून दुसरी बघतो मी. हिला म्हणावं, आधी डोळे तपास."

मी बाही मनगटापर्यंत ओढली.

तिला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. लाखात एक!

मामी म्हणाली, "ते राहू दे. माझी डाग झाकायची क्रीम कोण संपवतंय ते सांगा. घरात डाग मला एकटीलाच आहेत ना?" मामाने लक्ष दिलं नाही. मामीने मात्र माझ्या बाहीकडे पाहिलं, आणि मला आणखी वाढलं.

१३ मार्च

आकडे जुळवा म्हणणाऱ्या सरांना मी भर वर्गात खोटारडे म्हणालो होतो. आणि मी? दोनदा सही. तीसुद्धा वळणदार.

माझ्या सहीपायी तिची नोकरी चाललीये. आणि उद्या कुठल्यातरी बाळाच्या डोक्यावर तो चार नंबर!

१४ मार्च

तिला सांगायला तीनदा निघालो. तिन्ही वेळा कोपऱ्यावरून परत. शेळपट!

१६ मार्च

झालं एकदाचं.

सकाळी अंगवळणी पडल्यासारखं सगळं केलं — अत्तर, मामीची क्रीम, लांब बाही. अकराला खरेदीवाल्या बाई आल्या. मामाने त्यांना टाक्या दाखवल्या, लेबलावरचं झाड दाखवलं, निसर्गाबद्दल इतकं बोलला की टाकीवाले काका ढवळायचे थांबून ऐकत राहिले. मग सगळे लॅबमध्ये. मी खोकं घेऊन मागे.

बाई म्हणाल्या, "बाळांचं उत्पादन आहे. लॅबची सही दिसत नाही?"

ती म्हणाली, "मी केलेली नाही. एका हातावर लाली आहे."

मामा हसला. बाहेरच्यांसमोर हसतो तसा. "अहो, ज्याचा हात तो म्हणतो काही नाही. ही त्याची सही. आमच्या बाईंना हल्ली सगळं लालच दिसतं. चष्म्याचा खर्च कंपनी करेल."

तिने फक्त वही मिटली. ते मिटणं मला सहन झालं नाही.

खोकं खाली आदळलं. शेल्फवर आमचंच मेकअप काढायचं तेल होतं — सूर्यफुलाचं, कारखान्यातला एकमेव माल ज्याच्या लेबलावर आहे तेच आत आहे. बूच उडवलं, दोन्ही बाह्या वर, अर्धी बाटली हातांवर. चोळलं, पुसलं. मामीची क्रीम चिखलासारखी निघाली. आणि खाली — दोन्ही हातांवर, चार नंबरला, रसरशीत लाल!

"मी खोटं लिहून दिलं!" मी ओरडलो. हळू सांगायचं ठरवलं होतं, पण मला हळू जमत नाही. "हिचे डोळे ठीक आहेत! माझी सही खोटी आहे!"

"का रे पण?" काका दारातून.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते ओरडता आलं नाही. मावशी मात्र म्हणाल्या, "आता काय सांगायचं काका, तुमचं वय झालं," आणि तोंडाला पदर लावला.

खरेदीवाल्या बाई माझे हात बघत होत्या. "दुसऱ्या ड्रमचा माल करा. मग बोलू," म्हणाल्या आणि गेल्या. ऑर्डर रखडली, पण मोडली नाही. मामाने तिथल्या तिथे ड्रमवाल्याला फोनवर झापलं. तो पलीकडून शपथेवर सांगत होता, माल शंभर नंबरी आहे, तपासून घ्या कुठेही. कोण ऐकतंय! मीच फोन ओढून घेतला आणि त्याला चोर म्हणालो.

मग मामा माझ्याकडे वळला. "आजपासून मला मामा म्हण. साहेब म्हणायला नोकरी लागते."

१७ मार्च

घरी बसून. मामा बोलत नाही. मामी म्हणाली, "क्रीम माझी भरून दे. बाकी बरं केलंस."

संध्याकाळी तिचा फोन! नोकरी टिकली तिची. म्हणाली, "उशीर केलास. पण बोललास."

केलास! बोललास! तुम्हीचं तू झालं! मी फोन ठेवल्यावर खुर्चीवर उभा राहिलो. का ते माहीत नाही.

रविवारी चार वाजता, कारखान्याच्या कोपऱ्यावर. चहाला. पण आधी कामाचं बोलली — ड्रमवर ती अहवाल लिहितेय, स्वतःच्या सहीने. सोमवारी जाणार. त्यानंतर या ड्रमवाल्याचा माल कुणी घेणार नाही. "तुझे दोन हात हाच माझा पुरावा," म्हणाली.

माझे हात! पुरावा!

१९ मार्च

निळा ड्रम परत गेला. न्यायला ड्रमवाला स्वतः आला होता म्हणे. काकांना म्हणाला, चौदा वर्षं धंद्यात आहे, चोर कुणी म्हणालं नव्हतं. म्हणेना का!

हात साफ बरे झाले. काही न लावता. काही लावायचं तरी कुणासाठी? अत्तराची बाटली कपाटात पडून आहे.

२१ मार्च

उद्या! निळा शर्ट इस्त्री केला. मामीने न मागता स्वतःचा आरसा दिला आणि क्रीमची डबी उचलून ठेवली.

२२ मार्च

तीनला तयार झालो. निळा शर्ट. दोन्ही मनगटांना अत्तर, जरा सढळ हाताने. खाली ओघळलं ते वर चोळलं.

साडेतीनला खाज.

चौकोन नाही. पट्टी नाही. ड्रम तर गेला परत. नुसतं अत्तर — शंभर टक्के झाडापानांचं. मनगटापासून चार नंबरच्या जागेपर्यंत, दोन्ही हात, तसेच. तेच पुरळ.

ती आता कोपऱ्यावर पोचली असेल. तिचा अहवाल उद्या जाणार.

बाह्या खाली ओढल्या. बटणं लावली. आरशात बघितलं — छान दिसत होतो.

बटणं काढली. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. बाटली खिशात टाकली. निघतो.