थोड्या दिवसांचे पाहुणे

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिकडे शब्दकोशाच्या कचेरीत दिवसभर शब्दांची धूळ झटकतोस, तर बहिणीचं एक काम कर. 'पाहुणा' म्हणजे नेमकं काय, ते शोधून कळव. आमच्याकडे एक आलेत. ह्यांच्याबरोबर एकाच उस्तादाच्या हाताखाली शिवणकाम शिकले म्हणतात. ह्यांना काही केल्या आठवत नाही, पण तोंडावर सांगायची भीड! दोन दिवस राहतो म्हणाले, त्याला पंधरवडा उलटला.

माणूस गोड आहे. काजं करतात, कपबशा विसळतात, गिऱ्हाइकांना हसवतात. ह्यांना खोकला झालाय, तर दुधातून कसलीशी पूडही तेच देतात. मला मेलीला उगाच घरात अवघडल्यासारखं होतं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

१० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ज्याची वाट पाहायची तो पाहुणा, हे लोकांनी मागाहून जुळवलेलं. मूळ शब्द 'प्राघुण'. त्याच्या पोटात भटकणं आहे, गरगर फिरणं आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असं आपण शाळेत घोकलं. पण जाणकारांना त्यातही चालत राहणाराच दिसतो. थोडक्यात, पाहुणा हा चालता असतो. तुमचा मात्र चांगलाच बसलेला दिसतो!

काही दूरच्या भाषांत तर पाहुणा आणि वैरी एकाच मुळातून फुटले आहेत. हे वाचून हसशील, हस. पण ती पूड कसली, त्यांनी कुठून आणली, ते उलट टपाली कळव.

मेहुण्यांना नमस्कार. आमची आठवण ठेवत जा.
तुझा दादा

१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोस्टात उभी राहून लिहितेय. हे आता दिवसदिवस झोपून असतात. सुईत दोरा ओवता येत नाही, इतके हात कापतात. बेतायच्या टेबलाशी पाहुणे उभे राहतात, ह्यांचीच कात्री घेऊन. पूड कसली ते विचारलं, तर वहिनी, विश्वास नाही का, म्हणाले आणि हसले. एकदा मी ते दूध मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी हे माझ्याशी नीट बोलले, चहा मागितला. पाहुण्यांनी मात्र अगदी मऊ आवाजात विचारलं, दूध कुणी सांडलं म्हणून.

काल एक गिऱ्हाईक मास्तरांची चौकशी करत होतं. मी पडद्याआड, तोंडात टाचण्या. पाहुण्यांनी त्याला सांगितलं, मास्तर आता थोड्या दिवसांचे पाहुणे आहेत. दादा, हा अर्थ तुला कोशात शोधावा लागणार नाही.

उद्या नणंदेकडे जातो असं सांगून ह्यांना इस्पितळात हलवते. तू असशील तसा निघ.

तुझी धाकटी

२ सप्टेंबर

सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी आपलं पत्र वाचून अंगावर काटा आला. तुमच्या पाहुण्यांच्या कोटाच्या गळपट्टीत आमच्या दुकानाचा नावपत्ता दिसला, म्हणून माणूस कसा, असं तुम्ही विचारलंत.

तो कोट माझ्या नवऱ्यानं स्वतःसाठी बेतला होता. त्या माणसानं आमच्याकडे महिनाभर राहून ह्यांना दुधातून झोपेच्या गोळ्यांची पूड चारली. आणखी आठवडा गेला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. हे वाचले. पुन्हा मशीनवर बसतात, पण उजवा हात अजून थरथरतो. माझा भाऊ पोलिसांना घेऊन घरी पोचला, तेव्हा दुकान झाडूनपुसून लख्ख होतं आणि पाहुणे पसार.

तुमच्याकडे ते यजमानांचे जुने सोबती म्हणून उतरलेत. यजमानांना हल्ली फार थकवा येतो, हे तुम्ही शेवटी सहज लिहिलंत. ताई, वाचून होताच उठा. काहीही निमित्त सांगा, पण त्यांना घेऊन घराबाहेर पडा.

तुमच्याकडे टपाल कोण घेतं, मला ठाऊक नाही. हे पाकीट पाहुण्यांनीच फोडलं असेल, तर त्यांनीही नीट वाचावं : पत्ता पोलिसांकडे पोचलाय, आणि माझा दादा कालच तिकडे निघालाय.

ताई, खुशालीची एक ओळ तरी पाठवा. वाट पाहते.
तुमची,
शिंपीमास्तरांची बायको