बादलीतले बूट

जयेश,

बाल्कनीतल्या बादलीत चार बोटं पाण्यात आपल्या दोघांचे बूट मी चोवीस तास ठेवून पाहिले. माझ्या बुटांत कोंबलेला कागद कोरडा निघाला. तुझ्या बुटांचे सोल सुटलेत. तीन वर्षं खोक्यात पडून राहिले की असंच होतं.

तू नोएडाहून घरी येशील तेव्हा माझं विमान सुटलेलं असेल. कढी फ्रिजमध्ये आहे, तापवताना ढवळत राहा. गुहागरपासून किनाऱ्याने चालायची तीच सहल, तुझ्या ऑफिसपायी आपण तीनदा रद्द केलेली. रविवारी परत येईन.

सकाळी गाईड हिंदुरावांचा फोन आला. “मॅडम, इथं धो धो पाऊस आहे. साहेब यंदा तरी येणार, की परत पुढच्या वर्षी?”

मी म्हटलं, “साहेबांना या वेळी विचारलंच नाही. मी एकटी येतेय.”