आजोबा स्कीममध्ये नाहीत

१० नोव्हेंबर, सोमवार

‘पेशंट स्कीममध्ये नाही.’ बस्! काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

नाही म्हणजे? आजोबांचं वय वंदना कार्ड मी स्वतः काढलंय. जूनमध्ये, सेतू केंद्रात, त्यांना मोबाइलसमोर खुर्चीवर बसवून, ‘आजोबा, पापण्या हलवा’ म्हणत. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही मिळतं, हॉस्पिटलचा खर्च सरकार करतं. उत्पन्न विचारत नाहीत. जुना आजार असला तरी चालतं. मी सगळं वाचलंय, दोनदा वाचलंय. आणि ही म्हणते नाही!

शनिवारी रामकुंडावर एका यजमानांचं श्राद्ध सांगत असताना आजोबांच्या छातीत कळ आली. विधी पुरा केला — अर्थातच! — आणि मग पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. बाबांनी द्वारका चौकाजवळच्या या हॉस्पिटलात आणलं. मी मैत्रिणीच्या लग्नाला पुण्यात. आज सकाळी पोहोचले. दोन रक्तवाहिन्या बंद आहेत. डॉक्टर म्हणाले, ‘अँजिओप्लास्टी करावी लागेल. फार दिवस काढू नका.’ खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

हॉस्पिटलच्या दारात योजनेचा हा भलामोठा बोर्ड. त्यावर हसणारे आजी-आजोबा. त्यांना कोणी नाही म्हणालं नसेल!

११ नोव्हेंबर, मंगळवार

नियम पुन्हा वाचले. ‘सूचीबद्ध रुग्णालय’ म्हणजे काय हे बाबांनाही सांगता येईना. म्हणजे योजनेच्या यादीतलं हॉस्पिटल, एवढंच! मग एवढंच लिहा ना! ज्यांच्यासाठी योजना आहे त्या म्हाताऱ्या माणसांनी हे वाचायचं कसं?

आणि ॲडमिट झाल्याशिवाय काही नाही. आजोबांच्या रोजच्या बीपीच्या गोळ्या? त्या आपल्या आपण घ्यायच्या. शिरा बंद पडेपर्यंत सरकार वाट बघणार, मग येणार! पण आता तर शिरा बंद पडल्यात. आता तरी या!

हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत. मग एक बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तुमच्या पेशंटची हॉस्पिटलमध्ये ओळख पडताळणीच झालेली दिसत नाही. पेशंटला आधारच्या मशीनवर बोट द्यायला लागतं.’

म्हणजे काउंटरने केलंच नाही. साधं बोट घ्यायचं काम! उद्या बघते तिच्याकडे.

आजोबांना सांगितलं तर म्हणाले, ‘स्वरदे, काउंटरवर भांडून शिरा मोकळ्या होत असत्या तर तुझ्या आजीने माझ्या कधीच केल्या असत्या.’

त्यांना चेष्टा सुचते!

१२ नोव्हेंबर, बुधवार

लाज वाटते लिहायला, पण लिहायचं.

त्या मुलीवर ओरडले. रांगेतल्या सगळ्यांसमोर. ‘गरीब माणसाचा हक्क मारता तुम्ही, जीव जाईल कोणाचा तरी!’ वगैरे. हर्षाली नाव तिचं, छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. तिने शांतपणे रजिस्टर बंद केलं.

‘ताई, मी मशीन घेऊन शनिवारी त्यांच्या कॉटपाशी गेले होते. कार्ड हाय का विचारलं. नाही म्हणले. परत विचारलं तरी नाही म्हणले. रविवारी गेले तर हात पांघरुणात घेतला त्यांनी. आता मी काय म्हाताऱ्या माणसाचा हात ओढू?’

‘माझे आजोबा खोटं बोलत नाहीत,’ मी म्हणाले.

‘मग जाऊन विचारा ना त्यांना.’

विचारलं. तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, दम्यामुळे. अक्षरं, पाढे, श्लोक, सगळं आजोबांनी घरी शिकवलं. एक शब्द गाळला तर पहिल्यापासून म्हणायला लावायचे. असा माणूस छताकडे बघत म्हणाला, ‘हो. नाही म्हणालो. कार्ड काढलं तू, घेतलं नाही मी.’

‘का?’

‘दान आहे ते.’

रामकुंडावर जन्म काढलेला भटजी दान नको म्हणतो! मला हसावं की किंचाळावं कळेना. ते हळूहळू बोलत होते, मध्ये थांबत. ‘दान मी नेहमी घेतो. पण देणाऱ्याचं नाव विचारतो, गोत्र विचारतो. संकल्पाचं पाणी सोडून घेतो. आणि घेतलं की त्याच्यासाठी जप करतो, कारण त्याचा भार आपल्यावर येतो. हे कोणाचं घेऊ? कोणाच्या नावाने पाणी सोडू? फुकटचं पचत नाही, स्वरदा.’

आजी स्टुलावर बसून वाती वळत होती. म्हणाली, ‘आयुष्यभर दुसऱ्यांचे पितर पोचवले. आता स्वतःच निघायची घाई झालीये यांना.’

डॉक्टर संध्याकाळी पुन्हा विचारून गेले. काय ठरलं?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजोबांशी बोलत नाही. सकाळी हर्षालीची माफी मागितली. ‘असूद्या ताई, रोजचंच हाय,’ म्हणाली. त्याने जास्तच लागलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे पुन्हा कळ आली त्यांना. सिस्टरने जिभेखाली गोळी दिली. मी राग गिळून कॉटपाशी बसले.

सांगितलं, हे दान नाही, विमा आहे. सगळे थोडं थोडं भरतात, आजारी पडतो तो घेतो.

‘म्हणजे भिशी?’

‘भिशीच समजा.’

‘भिशीत जो भरतो त्यालाच मिळते. मी कुठे भरलं? दक्षिणेवर कधी कर दिला नाही मी.’

‘साबण घेतलात, चहा घेतलात, त्यावर दिलात!’

‘साबणावर अँजिओप्लास्टी?’

मला रडू यायला लागलं. या माणसाचा प्रामाणिकपणा त्याला मारणार, आणि तोच त्याने मला शिकवला! दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले तर मी अजूनही ते द्यायला मागे चालत जाते. मी कुठल्या तोंडाने भांडू?

मग मी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. ‘यजमानाला स्वतःचं गोत्र माहीत नसेल तर संकल्पात काय म्हणायचं?’

‘काश्यप.’ विचार न करता म्हणाले.

‘मग सगळ्या देशाला काश्यप म्हणा.’

आजीच्या वाती थांबल्या.

‘आणि नाव?’ आजोबांनी विचारलं.

‘समस्त करदाते!’

हसले. नाकातली नळी निसटली, सिस्टर मला ओरडली. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, ‘एवढ्या लोकांचा जप किती होईल, कल्पना आहे का तुला?’

‘मग जगावं लागेल तेवढं.’

त्यांनी हात पांघरुणाबाहेर काढला. ‘बोलाव त्या मुलीला. आणि पळीभर पाणी आण.’

मशीनवर बोट उमटेना. रोज कुंडाच्या पाण्यात हात, रेषा राहिल्यात कुठे! मला वाटलं, संपलं. हर्षालीने बोटं पुसली, फुंकर घातली, पुन्हा पुन्हा लावली. शेवटी मोबाइलसमोर चेहरा धरला. ‘आजोबा, पापण्या हलवा.’ झालं! संध्याकाळी मंजुरी आली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झाली अँजिओप्लास्टी. शुद्धीवर आहेत. चहा मागतायत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजोबांना घरी आणलं. दुपारी ते झोपल्यावर आजी माझ्या खोलीत आली, दार लोटलं.

‘ते कार्ड मला पण मिळेल का गं?’

‘मिळेल की. जूनमध्ये म्हटलं तर तूच म्हणालीस, माझं कशाला.’ म्हणाली होती, आणि मी लगेच ऐकलं होतं!

तिने माझा हात धरला आणि पदराखाली नेला. डाव्या बाजूला. गाठ. टणक, लिंबाएवढी.

‘आजी! कधीपासून?’

‘दोन दिवाळ्या झाल्या.’ दाराकडे बघून हळूच म्हणाली, ‘यांनी घेतलं ना आता. मग मी मागितलं तर चालेल ना?’