शेंद्र्याच्या बायांची वयं

१० फेब्रु.
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा डेटा आज एकत्र केला. कंपनीत दिवसभर उभं राहणाऱ्या बायांची कंबरदुखी. करमाडच्या कंपन्या माझ्याकडं, शेंद्र्याच्या प्रोजेक्टातल्या पार्टनरकडं, प्रसादकडं. त्याची फाइल बघून डोकं सटकलं. वयं ३७, ४१, ४३, ५२... माझ्याकडं निम्म्या बाया चाळीस नायतर पंचेचाळीस. मागच्या वर्षी शिकलो की, लोक वय अंदाजानं सांगतात, शून्य नायतर पाचावर संपणारंच. करमाडला तर "लिहा की चाळीसेक" म्हणून मोकळ्या. शेंद्र्याच्या काय जन्मपत्रिका घेऊन कामाला जातात?

११ फेब्रु.
प्रसादला विचारलं. "आयकार्डावरून घेतली गं. तू काय सीआयडी हायस?" हसला, पण बघत भलतीकडंच होता.

१३ फेब्रु.
शेंद्र्याला जाऊन आले. प्रसादला सांगितलं नाय. शिफ्ट सुटल्यावर गेटपाशी एका मावशींना गाठलं. आयकार्ड दाखवलं त्यांनी. नाव, फोटो, नंबर. वय नाय.
"कंबरंचं विचारायला कुणी पोरगं आलतं का?"
"आमच्यात तर नाय बा. दुसऱ्या शिफ्टला आलं असंल."
असंल. दुसऱ्या शिफ्टचं कार्ड काय वेगळं असतंय? का माझंच मन...

१७ फेब्रु.
गाइड मॅडमनी फायली बघितल्या. जन्म वर्गात फळ्यापुढं शिकवण्यात गेला त्यांचा, गावात कधी डेटा गोळा केला नाय. प्रसादची म्हणे "स्वच्छ". माझ्या आकड्यांवर पेन टेकवलं.
"नुसते शून्य आणि पाच? घरी बसून भरलंस?"
समजावून सांगायला गेले, ऐकूनच घेतलं नाय. परवापर्यंत नीट करून आण, नाहीतर प्रोजेक्टातून नाव काढते. म्हणजे वर्ष गेलं माझं. शेजारी प्रसाद आपली फाइल बॅगेत भरत होता. लई राग आला. रडूपण.

१८ फेब्रु.
क्रांती चौकात प्रसादनं चहाला बोलावलं.
"टेन्शन नको घेऊ. तुझी वयं थोडी इकडंतिकडं करून देतो. तासाचं काम."
"म्हंजे शेंद्र्याचं पण तू..."
"गेलतो ना. पहिल्या दिवशी तेवढा."
चहा तसाच ठेवून उठले.

१९ फेब्रु.
सकाळी त्याचा मेल. माझी फाइल त्याच्याकडं होतीच. "केली नीट. बघून घे." करमाडच्या माझ्या सगळ्या बाया आता ३८, ४१, ४६. वाचताना मलाच खरं वाटायला लागलं, एवढं बेमालूम. आत्ता डिपार्टमेंटच्या जिन्यात बसलेय. पेनड्राइव्हवर दोन्ही फायली आहेत, माझी मूळ आणि त्यानं केलेली. मॅडमनी वरून हाक मारली. निघते.