वरचा सा आणि नवा रेकॉर्डर

३ डिसें., बुध.
हिंजवडीच्या चौकात बस अडकली. घरी यायला आठ. जेवण करून थोडं गायला बसले, अवि तबल्यावर. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. माझा आवाज गुळगुळीत, आणि तानपुरा गायबच. अवि म्हणाला, फोन त्याला पंख्याची घरघर समजून पुसून टाकतो. मग माझ्या आवाजातलं काय काय पुसत असेल?

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर सगळे म्हणतात, आवाज अगदी पहिल्यासारखा. परभणीहून आई म्हणते, ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, नवरा म्हणून अवि तर रोजच. आमच्याकडच्या माणसांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

साधा रेकॉर्डर घ्यायचा. काही सुधारणार नाही, असा.

५ डिसें., शुक्र.
अविला सांगितलं. "फोन आहे की." मग, "घरातल्या घरात तर गायचंय." हा माणूस साधी इस्त्री घ्यायची तरी दहा दुकानं पालथी घालतो. यंत्र म्हटलं की डोळे लकाकतात. रेकॉर्डरला मात्र नको.

त्याला वाटतंय की मी खरा आवाज ऐकला तर गाणं सोडेन. म्हणजे त्याला काहीतरी ऐकू येतंय, जे तो बोलत नाही.

७ डिसें., रवि.
पुण्यात वाद्यांच्या दुकानात गेले. एकटीच. अविला "मैत्रिणीकडे जातेय".

दुकानदारानं आधी मोठा दाखवला. पुढे दोन शिंगांसारखे माइक, पोटावर ढीगभर बटणं. कानाला हेडफोन लावून म्हणाला, गा. एक ओळ गायले. इतका गोड आवाज माझा लग्नाआधीही नव्हता.
"हे गोड कशानं झालं?"
"मॅडम, हॉलचा इफेक्ट आहे. सगळ्यांना आवडतो."
"तो काढा."
काढला. तरी बारीक आवाज आपोआप मोठा होत होता. तेही बंद करा म्हटलं. तो बटणं शोधत बसला. शेवटी कोपऱ्यातला छोटा मागितला. एक लाल बटण, दोन पेन्सिल सेल, बस. "हा मीटिंगवाले नेतात, गाण्याला नाही." म्हणजे माझ्यासाठीच. डबा फोडून, चालवून बघितला, आधी कुठे पडलेला नाही ना ते पाहिलं, मग घेतला. घोरणाऱ्यासारखी किंचित खरखर आहे त्याच्यात. रेकॉर्डरनं ती लपवली नाही, म्हणून विश्वास बसला.

१० डिसें., बुध.
रेकॉर्डर गॅलरीत धरून बघत होते, खालून घरमालकीण हौसाबाईंनी पाहिलं. लगेच वर आल्या.
"ह्यात समदं आयकू येतं व्हय?"
"जवळचं येतं."
"आन् खालचं? आमचं?"
परवा त्यांचं सुनेशी झालेलं भांडण बहुतेक अर्ध्या चांदे गावानं ऐकलंय, पण ते बोलले नाही. नाही येत म्हटलं. विश्वास बसला नाही. जाताना, "चालू केलास की वरनं हाक मारीत जा. आमी गप बसू."

रात्री अविला रेकॉर्डर दाखवला, हेही सांगितलं. तो हसला नाही. एरवी हौसाबाईंच्या नकला तोच करतो. रेकॉर्डर हातात घेऊन फक्त, "तानपुरा पण येतो का यात?" येतो म्हटलं. "बरं."

१४ डिसें., रवि.
नीट लिहायला जमेल का माहीत नाही.

सकाळी बसलो. त्यानं नेहमीसारखा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, तबला मिळवला. रेकॉर्डर चटईवर. तासभर गायले, छान वाटत होतं. तो गाडी धुवायला खाली गेल्यावर ऐकलं. आवाज थोडा जाडसर, पण चालेल. मग तुलनेला म्हणून ऑपरेशनआधीचं, ऑफिसच्या कार्यक्रमातलं गाणं पेन ड्राइव्हवरून लावलं. लगोलग पुन्हा आजचं. दोन्ही तानपुरे एकमेकांशी जुळेनात. आजचा खाली.

सूर ताडून बघायला बाजाची पेटी हवी; ती माळ्यावर आहे, भाता फाटलाय म्हणून अविनंच ठेवली. स्टूल घेऊन काढली. भाता धड आहे. कुठे चीरसुद्धा नाही.

जुनं गाणं काळी चारच्या पट्टीत. आजचं पांढरी पाचच्या. तानपुरा अविनं अर्धा सूर खाली लावलेला.

म्हणजे ऑपरेशननंतर पहिल्यांदा वरचा सा लागला म्हणून मी याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तो सा तो नव्हताच.

अवि ओल्या हातांनी वर आला. पेटी बघितली आणि दारातच थांबला.
"कधीपासून?"
"टाके काढल्यावर पहिल्यांदा बसलीस तेव्हापासून."
"मला विचारायचं नाही?"
"विचारलं असतं तर तू गायलीच नसतीस."
हे खरं होतं. म्हणून जास्त राग आला.

१५ डिसें., सोम.
बोलणं कामापुरतं. त्याचं म्हणणं, तो खोटं बोललेला नाही. "सा लागला" म्हणाला, कुठला ते म्हणाला नाही. पेटीचं मात्र खोटंच, ते कबूल. डॉक्टरांनी म्हणे त्याला खोलीबाहेर नेऊन सांगितलं होतं, वरचे सूर येतील, कदाचित येणार नाहीत, घाई नको. मला आत सांगितलं होतं, सगळं ठीक.

बाहेर आणखी काय काय बोलणं झालं होतं? विचारलं. "एवढंच." एवढंच असेल. पण ज्याचं 'एवढंच' खरं मानावं, असा माणूस आता तो राहिला नाही.

१७ डिसें., बुध.
"मस्त झालीय," जेवताना म्हणाला. मी ताट सरकवून त्याच्याकडे बघितलं. "भाजी, स्मिता. भाजीबद्दल बोलतोय." दोघांनाही हसू आलं, आणि मग नाही आलं.

बसमध्ये विचार केला. सहा महिने दर संध्याकाळी तबला खाली उतरवायचा, मिळवायचा, आणि चेहरा सरळ ठेवायचा. हे प्रेमाशिवाय होत नाही. पण फसवणूकसुद्धा इतक्याच नेटानं करावी लागते.

२१ डिसें., रवि.
अवि भाजी आणायला महाळुंग्याला गेला. मी दार लावलं. तानपुरा स्वतः लावला, काळी चार. रेकॉर्डर कपाटावर, समोर दिसणार नाही असा. हौसाबाईंना गॅलरीतून हाक मारून सांगितलं. खालचा टीव्हीसुद्धा बंद झाला.

मधलं सप्तक ठीक. नीपर्यंत गेले. वरच्या सा-वर आवाज फाटला. पाणी प्यायले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा डोळे मिटून. लागला असं वाटलं. पण वाटण्यावर आता भरवसा नाही, स्वतःच्याही.

अवि आला तेव्हा तानपुरा चालूच होता. पिशवी खाली न ठेवता त्यानं तो ऐकला. कुठल्या सुरात आहे ते त्याला लगेच कळलं असणार.
"ऐकू?"
"आधी मी."

हेडफोन लावून बसलेय. समोर तो मटार सोलतोय, मान वर न करता. मी अजून बटण दाबलेलं नाही.